कणगीवरचा हात

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. ट्रक पाराशी उभा राहून हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि आई घरात धान्याच्या कणगीचं तोंड लिंपत होती. कर्जत तालुक्यातल्या आमच्या दुष्काळी गावातली अर्धी घरं तेव्हा ऊसतोडीला जायची, पार कोल्हापूरकडे, पाच महिने. जाण्याआधी घर आवरायची रीत ठरलेली. भिंती-भुई सारवायची, भांडी पालथी घालायची, आणि उरलेली बाजरी कडुलिंबाचा पाला घालून कणगीत शेणमातीने बंद करून टाकायची.

आबा, म्हणजे वडिलांचे वडील, गुडघ्यांनी अधू. ते राखणीला मागे राहायचे. आईने त्यांच्यापुरती बाजरी एका डब्यात काढून ठेवली आणि म्हणाली, "संक्रांतीपातूर पुरंल. म्होरं बघू." पुढे कोण बघणार होतं ते तिने सांगितलं नाही, आणि वडिलांनीही विचारलं नाही.

मग तिने मला हाक मारली. "हिकडं ये गं. ह्याच्यावर हात उमटव." मी नऊ वर्षांची होते. ओल्या लिंपणावर मी पंजा दाबला, चांगली बोटं फाकवून, नीट उमटावा म्हणून. आई खुशीत येऊन म्हणाली, "ल्हान हात हाय. कुनाला तसला करता यायचा न्हाई." आबांना मात्र तिने सांगितलं की उंदरांसाठी लिंपलंय. उंदरांना कुणाचा हात ते कळत नाही, एवढी अक्कल मला तेव्हाही होती. तरी मी फुशारकीत ट्रकमध्ये चढले.

उसाच्या फडावरची ती पाचटाची झोपडी, कोपी, अंगाला चिकटलेला मळीचा वास, डोक्यातल्या उवा, एकाच डबक्यावरची आंघोळ आणि धुणं. त्याची किळस नाही का वाटत, असं ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात. नाही वाटत. ती घाण साबणाने गेली.

होळीनंतर आम्ही परतलो. आबा ओसरीवर बसले होते, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. आई त्यांना ओलांडून आधी आत गेली आणि तिथूनच ओरडली, "हात जसाच्या तसा हाय!" एवढा आनंद तिला मला बघूनही कधी झाला नसेल.

शेजारची काकू दारात आली. "संक्रांतीपासनं म्हातारं लोकांच्या दारात बसतंय. कुनी भाकर दिली तर खातंय, न्हाई तर पानी पिऊन निजतंय."

आई चिडली. "मग फोडायची की कनगी! आमी काय हात धरला हुता?"

आबा हळूच म्हणाले, "लेकराचा हात हुता. त्यो कसा मोडू?"

त्यात टोमणा नव्हता. वडील सामान उतरवायचं निमित्त करून बाहेर गेले. आईने कणगी फोडली, दळून आणलं, भाकऱ्या थापल्या. दुसरी भाकरी घेण्याआधी आबांनी आईकडे बघितलं. मला तिची शिसारी आली, वडिलांची आली, आणि माझ्या त्या नीट फाकवलेल्या बोटांची सगळ्यात जास्त.

आता मी हडपसरला राहते. दोन खोल्यांचा फ्लॅट, लिफ्ट, खाली वॉचमन. माझ्यासारखे गाव सोडून आलेले तुम्ही भेटलात की सारवलेल्या घराच्या वासाचं कौतुक सांगत बसता. गावात मागे राहिलेले तुम्ही फोनवर म्हणता, घर वाट बघतंय, ये एकदा. मी हो हो म्हणते. खरं सांगते, शेणमातीचा तो वास आला की मी नाक दाबून पुढे निघते. घर म्हणजे जिथे कुणाला न विचारता हात घालून खाता येतं ती जागा, एवढंच मला कळतं. आमचं ते घर तसं नव्हतं.

वडील आणि आबा गेले. आई माझ्याकडे असते. परवा मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते, तेव्हा तिने विचारलं, "डब्यातला एक लाडू घिऊ का गं?"

मला ऐकू आलं होतं. तरी सगळी भाजी चिरून होईपर्यंत मी "घे" म्हणाले नाही. ती तोवर डब्याजवळ उभी होती.