उलटी नाव

पालमच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर, जुनी नाव घ्यायची तर लिंबाजी भोयाला विचारल्याशिवाय कुणी बयाणा देत नाही. म्हातारा फटकळ. विकणाऱ्यानं नावेचं कौतुक सुरू केलं की म्हणतो, दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं.

त्याची पारखायची रीत ठरलेली. नाव पालथी घालायची, कडेनं ओली पोती कोंबायची आणि आपण आत शिरून काळोखात निजायचं. जिथून उजेड टोचेल तिथं आतून एक ठोका, बाहेरच्यानं त्या जागी खडूनं फुली मारायची. तीन ठोके म्हणजे मला बाहेर काढा. मुलाला, परमेश्वरालाही, त्यानं हेच शिकवलं होतं.

परमेश्वर नऊ वर्षांपूर्वीच्या पुरात गेला. पैलतीरच्या कुणाच्या तरी नावेवर हात द्यायला गेला होता. ती नाव पालथी होऊन घाटासमोरून वाहत आली, आणि आतून ठकठक ऐकू येत होती. गडी दोर घेऊन धावले, तर लिंबाजीनंच त्यांना अडवलं. उलट्या नावेतल्या आवाजाला ओ द्यायची नसते, बुडालेला माणूस सोबत मागतो, असं त्याच्या बापानं सांगितलेलं. त्या नावेवर आपलाच मुलगा होता हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. ठोके किती होते, ते त्यानं स्वतःला कधी आठवू दिलं नाही.

आता परमेश्वरामागं राहिलेली सून रेणुका शिडाची नाव घ्यायला निघाली होती. बंधाऱ्यानं पाणी तुंबल्यापासून पलीकडच्या शेतांना वळसा घालून जायला अर्धा दिवस मोडायचा. लोकांना पार नेऊन पोट भरायचं तिनं ठरवलं होतं, आणि सौदा सासऱ्याच्या एका शब्दावर अडला होता. किशनराव नावाच्या व्यापाऱ्यानं खाली, नदी वाहत जाते त्या नांदेडच्या बाजूनं आणलेली नाव, वरून नवा पत्रा, नवं डांबर.

भर दुपारी लिंबाजी आत शिरला. सुईएवढाही उजेड कुठं नव्हता. नाव पक्की होती. सवयीनं त्यानं फळ्यांवरून बोटं फिरवली, आणि पुढच्या टोकाला खड्डे लागले. तीन, मग बोटभर जागा, मग तीन, परत तीन. प्रत्येक खड्ड्याला दोन टोकं, मध्ये फट. परमेश्वराच्या मनगटातल्या पितळी कड्याचं तोंड असंच उघडं होतं, लिंबाजीनंच ते गंगाखेडहून आणलेलं. पोरगं किती वेळ वाजवत राहिलं होतं.

तेवढ्यात नावेची मागची बाजू वर उचलली गेली आणि ऊन आत आलं. रेणुका पहार लावून उभी होती.

"मागच्या अंगाला तीनदा वाजलं, म्हनून लगीच उचलली," ती म्हणाली. मग सासरा पार पुढच्या टोकाला निजलेला दिसला आणि तिचा आवाज उतरला. "तुमीच वाजीवलं नव्हं, मामा?"

लिंबाजीनं काहीच वाजवलं नव्हतं. त्यानं मागं वळून पाहिलं. तिथं नुसती ओली वाळू होती.

"मीच," तो म्हणाला.

बाहेर येऊन त्यानं तोंड धुतलं. किशनराव उतावीळ झाला होता, त्याच्याकडं न बघता त्यानं सुनेला बाजूला घेतलं आणि नाव घे म्हणून सांगितलं.

"पर एक ध्यानात ठेव. हिच्यातून कवाबी वाजलं, तर आज उचललीस तशीच उचलायची. कोन हाय ते इचारू नको. माझ्यासारकं थांबू नको."