पापणी ओढून बघणाऱ्या पाष्टे सिस्टर

सुनंदा पाष्टे सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांचा भांगच तेवढा दिसला. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात तळमजल्यावर दवाखान्याची खोली होती. नव्या मुलींची रक्ततपासणी चालू होती आणि रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. सिस्टर मान खाली घालून नाव विचारत, बोट धरत, सुई टोचत, यंत्रावरचा हिमोग्लोबिनचा आकडा वहीत लिहीत आणि ‘पुढे’ म्हणत. माझा आकडा बघून म्हणाल्या, “छान आहे गो. असंच ठेव.” मान काही वर झाली नाही. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहायला बसले, तर मला तो भांगच आधी आठवतो. का आठवतो, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

हे वाचून वसतिगृहातल्या आजच्या मुली चक्रावतील. त्यांना ठाऊक असलेल्या सिस्टर आधी चेहरा बघतात. निवृत्त झाल्या तरी दर गुरुवारी एसटीने वसतिगृहात येतात. समोर आलेल्या मुलीला ओळखपत्र मागतात, फोटोशी तोंड ताडून बघतात आणि मग, “वर बघ गो बाय,” म्हणत अंगठ्याने तिची खालची पापणी ओढतात. आत लाली दिसली तर बरं. फिकट दिसली की प्रश्नांची सरबत्ती सुरू. पाळी किती दिवस जाते? दिवसाला किती पॅड लागतात? गाठी पडतात का? जिना चढताना मध्येच थांबतेस का? हे सगळं अशा खणखणीत आवाजात की बाहेरच्या रांगेलाही ऐकू जावं. मुली आधी लाजेने मरतात, आणि दोन-तीन गुरुवारांनंतर एकमेकींना तेच प्रश्न विचारू लागतात.

लोहाच्या गोळ्या पूर्वी चार वाजता मेसमध्ये वाटल्या जात, कारण त्या वेळी सगळ्या मुली चहाला एकत्र सापडत. मुली गोळी तोंडात टाकून वर चहा पीत. चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. सिस्टरांच्या लक्षात आलं तेव्हा त्या भर मेसमध्ये म्हणाल्या, “चूक माझी. इतकी वर्षं मी तुम्हाला चहाबरोबर गोळ्या चारल्या.” दुसऱ्या दिवसापासून गोळीबरोबर लिंबाचं पाणी आलं. चूक कबूल करायला त्यांना कधी जड गेलं नाही. मला ते किती जड गेलं, ते पुढे येईलच.

एकदा जयगडच्या एका मुलीला दर महिन्याला आठ-आठ दिवस रक्त जात होतं आणि घरचे डॉक्टरकडे न्यायला तयार नव्हते. सिस्टरांनी मला बरोबर घेतलं आणि थेट तिचं घर गाठलं. आई मासे साफ करत होती. “बायकांचं असंच असतं, बाई. आमाला काय झाला तो?” असं म्हणून तिने मान फिरवली. सिस्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “मग आधी तुमचा डोळा बघू.” आईची पापणी लेकीपेक्षा पांढरी होती. दुसऱ्या सोमवारी दोघी रुग्णालयात आल्या. परतताना बसमध्ये मी सिस्टरांचं कौतुक केलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “एकीच्या वेळी माझा हात चुकला. म्हणून आता डोळा बघते.”

ती एक म्हणजे दर्शना. माझी खोलीतली सोबतीण, दाभोळची, मासे विकणाऱ्या बाईची मुलगी. वर्गात हुशार, हसायला लागली की थांबत नसे. तिची पाळी सात-आठ दिवस चाले आणि त्या दिवसांत ती भिंतीला धरून चाले. रात्री उशाशी डबा ठेवून कच्चे तांदूळ चघळी. आम्ही तिला ‘उंदीर’ म्हणून चिडवायचो. ते अंगात रक्त कमी असल्याचं लक्षण असतं, हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तपासणी आली. ज्यांचं रक्त कमी भरेल त्यांच्या घरी चिठ्ठी जाई, तसा तेव्हा नियमच होता. हेतू चांगला होता, पण आम्हा मुलींना त्या चिठ्ठीची धास्ती वाटे. दर्शनाचा मोठा भाऊ मुंबईला नोकरीला होता आणि त्याने बजावलं होतं, तब्येतीची तक्रार आली तर शिक्षण बंद, गावी ये, स्थळं बघू. तपासणी दोन दिवस होती. पहिल्या दिवशी मी माझं रक्त देऊन आले. त्या संध्याकाळी दर्शना म्हणाली, “उद्या माझ्या नावावर तूच जा गो. तुझं रक्त चांगलं भरतंय. तुला काय, एक टोचणी!” ओळखपत्रावर तेव्हा फोटो नसे. दुसऱ्या दिवशी मी ओढणी डोक्यावर घेतली, तिचं नाव सांगितलं आणि आदल्या दिवशीची खूण दिसू नये म्हणून डावा हात पुढे केला. सिस्टर वहीवर वाकलेल्याच होत्या. “छान आहे गो,” म्हणाल्या. वर येऊन आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

दोन महिन्यांनी दर्शना पाण्याची बादली घेऊन जिना चढताना कोसळली. रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा आकडा सिस्टरांच्या वहीतल्या आकड्याच्या निम्माही नव्हता. रक्ताची बाटली लावली, पण तिचं हृदय थकून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिच्या आईला सावरून धरलेल्या सिस्टर मला अजून दिसतात. मी भिंतीला टेकून उभी होते आणि वहीतला आकडा माझ्या रक्ताचा आहे, हे मी सांगितलं नाही.

सिस्टरांनी यंत्र तपासायला पाठवलं. यंत्र बिनचूक निघालं. तेव्हा त्यांनी दोष स्वतःच्या हाताला लावला, आणि तिथून त्यांची पापणी बघण्याची रीत सुरू झाली. चिठ्ठ्या बंद करून त्या स्वतः घरोघर जाऊ लागल्या. मी त्यांच्या नजरेखाली शिक्षण संपवलं, इथल्याच कॉलेजात प्राध्यापिका झाले, त्यांच्या पिशव्या उचलल्या, आणि वीस वर्षं गप्प बसले. मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

सिस्टरांच्या साठीच्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा ती गोष्ट लपवून त्यांचा गौरव लिहिणं मला जमेना. मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेले. त्या पडवीत कुळीथ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात सुपात तसाच थांबला.

“म्हणजे माझा हात चुकला नव्हता.”

“नाही, सिस्टर.”

त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, असं मला वाटलं होतं. त्यांनी सूप बाजूला सारलं.

“हात नाय चुकला. पण तुझं तोंड दोन दिवसांत दोनदा माझ्यासमोर आलं गो, नि मी एकदापण वर बघितलं नाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वीस वर्षं गप्प राहिलीस. वाईट केलंस तू.”

मी मान हलवली. निघताना त्यांनी मला उंबऱ्यात थांबवलं आणि अंगठ्याने माझी पापणी खाली ओढली. “वर बघ,” म्हणाल्या. मी बघितलं. “लिही हे सगळं. तिच्या नावासकट लिही.”

म्हणून लिहिलं. सिस्टरांकडे क्षमा मागायला मला तोंड नाही, आणि त्यांनी ती दिलीही नाही. त्यांच्यासाठी मागणं मात्र आहे. त्यांची नजर साफ राहो, एसटीच्या पायऱ्या चढायला गुडघे साथ देवोत आणि शंभरीपर्यंत त्यांचा एकही गुरुवार चुकू नये. कारण जिन्यापर्यंत गेलेल्या त्या रांगेत आजही एखादी मुलगी मैत्रिणीच्या नावावर उभी असेल. तिचा नंबर येईल तेव्हा सिस्टरांनी मान वर करावी आणि तिला म्हणावं, “तू ती नव्हेस. तिला घेऊन ये.”