लोंबी वाकली का?

“आलोच बघून!” ती म्हणायची आणि चहा अर्धा टाकून शेडनेटखालच्या भाताकडे पळायची. बाई असून ‘आलो’. आम्हा कोल्हापूरच्या बायकांचं हे असंच. पण इतकी बेचैन बाई तुम्हीही पाहिली नसेल.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी कंत्राटी साहाय्यक. ती आजऱ्याकडची, भात पिकवणाऱ्या घरातली. पेशीत जनुकांचं वाचन सुरू करून देणारं एक प्रथिन असतं. ते नसेल तर पुढचं सगळंच अडतं. आमच्या भातात त्याच्या जनुकाच्या दोन प्रती होत्या. दुसरी कशाला, हे बघायला आम्ही ती बंद करून रोपं लावली. रोपं हिरवीगार उठली, अगदी शेजारच्या साध्या भातासारखी.

प्रयोगशाळेचे सर खूश. “दुसरी फुकटचीच. वाफा मोकळा करा.”

“थांबा की, सर! लोंबी तर भरू दे!”

मग रोज नवी सबब. आज वाफ्यात चिखल हाय, उद्या इळा सापडंना. मला हसू यायचं आणि रागही यायचा. अगं, किती डोकं खाशील त्यांचं! तर ही दाणा चिमटीत दाबून म्हणायची, “अजून दूध न्हाय गं ह्यात.” आणि पुन्हा येरझाऱ्या.

तेवढ्यात कंत्राटाची मुदत संपली. “एका कामाला दोघी कशाला?” सर म्हणाले. मला ठेवलं, तिला नाही. निघताना तिनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. “कापू देऊ नगंस. एवढंच कर.”

मी वाफ्यापाशी ठाण मांडलं. गावाहून तिचा रोज फोन. कशी आहेस वगैरे काही नाही, थेट, “लोंबी वाकली का?”

शेजारचा भात पिवळा होऊन वाकला. आमचा ताठच. एक लोंबी चोळली, तर तळहातावर नुसती फोलपटं. तिथूनच फोन लावला.

“म्हंजे दुसरी लागत हुती की,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

सरांनी अहवाल बदलला. तिला मात्र परत बोलावलं नाही. मी दोनदा विषय काढला. “तुम्ही आहात की,” म्हणाले. परवा दारातूनच विचारत होते, “काम चाललंय ना?”

चाललंय की. पण मला ती हवी आहे. नव्या वाफ्यात लोंब्या आल्यात. वाकल्यात का, हे विचारणारं कुणी नाही.