पाठीवरचा वाघ

आमच्या पेठेच्या तालमीनं त्या वर्षी फुटबॉल संघासाठी आफ्रिकेतून एक खेळाडू आणला आणि दुभाषी म्हणून मला धरलं, कारण पेठेत इंग्रजी शिकवणारी बाई मी एकटी. गड्यानं पहिल्याच सामन्यात दोन गोल मारले आणि आख्खी पेठ त्याच्यावर फिदा झाली.

तो मैदानात उतरला की एकच गलका, "काळ्या, हाण!" म्हशी पिळतात त्या कट्ट्यावर त्याला धारोष्ण दूध फुकट, रविवारी मटणाच्या ताटाला चार घरची बोलावणी. प्रेमच होतं ते, ह्यात मला आजही शंका नाही.

एक दिवस त्यानं मला विचारलं, हे लोक मला काय म्हणतात? खोटं बोलू नका म्हणून वर्गात पोरांना दटावणारी मी, तोंड वर करून सांगितलं, "वाघ." दुसरं काही सुचलंच नाही. गडी इतका खूश झाला की त्यानं आईला फोन लावून कळवलं, आणि फायनलच्या जर्सीवर पाठीमागं लोक ओरडतात तोच शब्द मराठीत छापून मागितला. छापणाऱ्यानंही झोकात "काळ्या" छापला. मला मात्र सांगावं तरी पंचाईत, न सांगावं तरी पंचाईत.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी तालमीत पडदा लावून सगळ्यांना एक इंग्रजी सिनेमा दाखवला. गोऱ्यांच्या संघात एकटाच काळा फुटबॉलपटू. तो चेंडूला शिवला की प्रेक्षक माकडाचे आवाज काढतात, केळी फेकतात. आमच्या पोरांना भाषा कळत नव्हती, पण अन्याय बरोबर कळत होता. त्या प्रेक्षकांना त्यांनी असल्या अस्सल शिव्या हासडल्या की एरवी मी एकेकाचा कान पिळला असता. त्या दिवशी मला बरं वाटलं. शेवटी पडद्यावरचा तो खेळाडू चेंडू घेऊन सुटला, तशी सगळी तालीम उठून उभी राहिली आणि एका सुरात ओरडली, "काळ्या, हाण की!"

माझ्या शेजारी बसलेला गडी माझ्याकडं वळला. "हासुद्धा वाघच का?"

आणखी एक थाप मारायला मी तोंड उघडलं, पण ती जिभेवर येईना. मग खरा अर्थ सांगितला. वर घाईघाईनं हेही सांगितलं की पोरं मनानं वाईट नाहीत, आमच्यात लाडानं म्हणतात, मलासुद्धा लहानपणी घरात काळीच म्हणायचे. सगळं ऐकून त्यानं विचारलं,

"तुम्हाला आवडायचं?"

काय सांगणार, कप्पाळ! आत्या "काळे, ये गं" म्हणून जवळ घ्यायची तेव्हा आवडायचं. तीच आत्या मला बघायला पाहुणे आले की पावडरचा डबा घेऊन मागं लागायची, तेव्हा मरून जावंसं वाटायचं. शब्द तोच, आत्याही तीच. मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, अजूनही नाही. त्या गोऱ्यांना शिव्या देणारी आमची पोरं काय नाटक करत होती? मुळीच नाही. मग मी का ओशाळले होते, आणि ओशाळायचं तर एकटीनंच का? डोक्याचा नुसता भुगा झाला.

फायनलला तो तीच जर्सी घालून उतरला. पाठीवरच्या अक्षरांवर पांढरी चिकटपट्टी. लांबून लोकांना वाटलं, पाठीला मार लागलाय. तालमीचे अध्यक्ष पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आले. "मॅडम, काळ्याला काय झालंय? इचारा की जरा." त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. त्यांच्यावर चिडावं, तर तेवढंही मला जमेना.

सामना सुरू झाला. चेंडू त्याच्या पायात आला आणि सगळं स्टेडियम त्याच एका शब्दानं दणाणलं. मी उठून उभी राहिले आणि त्याच्या आईनं ठेवलेलं नाव जीव तोडून ओरडले, एकदा, दोनदा.

शेजारची बाई माझा पदर ओढून म्हणाली, "कुणाला हाक मारतायसा, बाई? त्या नावाचं कोण न्हाय आपल्यात."