केटीचा चावा

भूत, करणी, असलं काही मी कधीच मानलं नाही. मेकॅनिकलचा माणूस आहे, कारण सापडेपर्यंत मशीन खोलत बसायची सवय. पण परवा लेकीने होस्टेल सोडून मैत्रिणींसोबत फ्लॅट घेतला आणि फोनवर सांगितलं, बाबा, आम्ही कुत्रा पाळतोय... मी एवढा ओरडलो की ती रडायला लागली. म्हणून हे लिहितोय. तिनेही वाचावं.

नव्वदीची सुरुवात. मी सांगलीचा, शिकायला पनवेलला. खांदा कॉलनीत तळमजल्यावर एक खोली, मागे ग्रिल लावलेली गॅलरी. रूममेट दिनेश, उरणच्या मोरा बंदरावरचा, कोळ्याचा मुलगा. उन्हाळा संपताना जवळच्या वीटभट्टीवरची कातकरी माणसं गावी निघाली होती. त्यांच्यातल्या एका बाईकडून मी पिल्लू मागून घेतलं. देताना तिने एवढंच विचारलं, "आमी भट्टी सोडताना कुत्रं मागं टाकत नाय. तुमी टाकणार नाय ना?"

मी छातीठोकपणे नाही म्हणालो. त्याच आठवड्यात रिझल्ट लागला, दोघांचंही मॅथ्स उडालं, केटी लागली, म्हणून पिल्लाचं नावही केटी.

दिवाळीपर्यंत केटी चांगला दांडगा झाला. दिनेश घरी गेला. केटीजवळ मी थांबायचं ठरलं होतं. पण शेजारी फराळाचे वास सुटले आणि मला राहवेना. दिनेश उद्या येईलच, असं मी माझं मीच ठरवून टाकलं. केटीला ग्रिलला बांधलं, बादलीभर पाणी आणि पावाच्या दोन लाद्या ठेवल्या, दाराला चिठ्ठी अडकवली आणि एसटी पकडली. दिनेशला यातलं काहीच माहीत नव्हतं. शेजारीही एकेक करून गावाला गेले. दिनेश आला तो भाऊबीज करून, पाचव्या दिवशी.

त्या दिवशी दुपारी सांगलीला मी जेवायला बसलो होतो. आई वाढत होती. एकदम माझा उजवा हात कशाने तरी धरला... आणि मला पाटावरून खाली ओढलं. मनगटाच्या वरची कातडी आमच्या डोळ्यांदेखत फाटली. चार भोकं पडली, रक्त भातावर उडालं. हात झटक्या-झटक्याने ओढला जात होता. आईने दोन्ही हातांनी धरला तरी थांबेना. मी गुरासारखा ओरडत होतो. मग एकाएकी ते सुटलं.

रात्री शेजाऱ्यांच्या फोनवर दिनेशचा फोन आला. त्याने दुपारी दार उघडलं, तर दोरी कुरतडून मोकळा झालेला केटी सरळ त्याच्या अंगावर आला. दिनेशने कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलली.

"माजा उजवा हात धरला रे त्यानं," तो रडत सांगत होता. "डोकं फोडलं तरी सोडत नव्हता. मेला तवा सुटला. आन हातावर बघतो तर साधा ओरखडा नाय."

वेळ विचारली. आमची जेवणाचीच वेळ होती.

नंतर मी त्याचा शर्ट पाहिला. बाहीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि आतला हात स्वच्छ. माझ्या हातावर चार व्रण अजून आहेत. भास म्हणावा तर आईनेही पाहिलं. तीस वर्षं डोकं खाजवतोय.

एक गोष्ट मात्र आई आणि डॉक्टर सोडून आजवर कोणाला सांगितली नव्हती. दिनेशचा फोन यायच्या आधीच आईने मला डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी जखम पाहिली, कुत्राच चावलाय म्हणाले, पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील. मग विचारलं, कुत्रा कोणाचा, त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला हवं. आई सांगत होती की आमच्याकडे कुत्राच नाही, गल्लीतलाही कुठला कुत्रा घरात आला नाही.

"माझा आहे," मी म्हणालो. "पनवेलला बांधून आलोय."