जाईची आत्या

माझं नाव घेऊन मला शेवटची हाक कुणी मारली, ते आठवत नाही. खोटं कशाला बोलू? लोणावळ्यातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होते, तिथं मी सगळ्यांची सिस्टर. बिल्डिंगमध्ये ताई, भाजीवाल्याची मावशी. लग्न केलं नाही. आईवडील गेले. धाकटा भाऊ आक्का म्हणतो. बँकेत पुकारतात नाव, पण ती काय हाक झाली?

माझ्याबरोबर शिकलेल्या मुलींची नावं मात्र लग्नात बदलली. आमच्याकडे रीतच आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यामुलानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, की झालं. सासरी तीच हाक. मैत्रिणी माझ्याकडे येऊन कुरकुरायच्या, अगं, आरशात बघून स्वतःचं नाव घ्यावंसं वाटतं. मी तोंडानं म्हणायचे, बरी मेली गुलामगिरी तुमची! आणि मनात म्हणायचे, तुमचं कुणी लिहिलं तरी. हेवा वाटायचा मला. माझं नाव जसंच्या तसं धडधाकट राहिलं आणि वापरायला कुणी नाही.

म्हणून असेल, पण मला दुसऱ्यांच्या नावांचा भारी नाद. दवाखान्यात बाई टेबलावरून उतरली न उतरली तोच मी विचारायचे, काय ठेवणार? पवन मावळातल्या म्हाताऱ्या सोबत यायच्या, त्यांची नावं ऐकावीत. रुक्मिणीची रखमा झालेली, द्रौपदीची दुरपदा, भागीरथीची भागा. लोणावळ्यातल्या ख्रिस्ती घरात मेरी, तर कामशेतच्या मुसलमान घरात मरियम. दोन्ही पोरी एकाच आठवड्यात झालेल्या, आणि नावाचं मूळही एकच. एकमेकींच्या आयांना हे मीच सांगितलं, तर दोघी हसल्या आणि एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं.

तशीच एकदा एक यास्मिन जन्माला आली आणि पलीकडच्या खाटेवर जास्मिन. बाहेर बाकावर एक शाळामास्तर सुनेच्या बाळंतपणासाठी बसलेले. ते म्हणाले, ‘‘सिस्टर, यास्मिन फारसी. तेच पश्चिमेकडं फिरत फिरत गेलं आणि जास्मिन झालं. आपली जाई मात्र संस्कृतातल्या जातीवरून आलेली. शब्द निराळा, पण फुलाचं कूळ तेच.’’ मला ते इतकं आवडलं! तिकडची, त्याच्याही पलीकडची आणि आपली, सगळ्या एकाच वेलाच्या लेकी. मी मनाशी ठरवून टाकलं, आपल्याला कधी नाव ठेवायची वेळ आली तर जाई.

वेळ आली. भावाला मुलगी झाली, माझ्याच हातावर. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. भावजयीच्या मनात काहीतरी तीन अक्षरी, टीव्हीतलं होतं. भाऊ म्हणाला, ‘‘आक्का ठेवंल ते. नावं ठेवायला तिला कुणी शिकवायला नको.’’ सगळ्या हसल्या. मी पाळण्यात वाकले, बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाधप धपाटे घातले. एका मावशीनं तर मागचा कुठला राग काढला कोण जाणे! पाठ हुळहुळत होती आणि मला आनंदानं रडू येत होतं.

त्या दिवसापासून भावाच्या गावात मी जाईची आत्या. एसटीतून उतरलं की दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी ओरडणार, जाईची आत्या आली गं! माझ्या नावापेक्षा मला ते बरं वाटायचं. स्वतःचं नाव आईबापांनी दिलेलं, हे मी कमावलेलं. सुट्टीत ती माझ्याकडे राहायला यायची. खालून हाक मारली की वरून ‘ओऽ’ यायची आणि आख्खा जिना धडधडायचा. ती परत गेली की एक-दोन दिवस मला स्वयंपाक करवायचा नाही.

यंदा तिचं लग्न ठरलं. मुलगा तळेगावच्या एका कारखान्यात, घर वराळ्याला, नव्या सोसायटीत. माणसं चांगली. दोन्हीकडची माणसं याद्या करायला बसली होती तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमच्यात नाव बदलत्यात बरं का. पोराच्या नावावरनं ‘स’ पायजे.’’

मी हातातली बशी खाली ठेवली. म्हटलं, ‘‘आता कोण बदलतं हो? कागदावर सगळं जाई आहे.’’

‘‘कागदावर ऱ्हाऊ द्या की. हे आपलं घरातलं, हौसेचं.’’

मी जाईकडे बघितलं. मला वाटलं, ही आता बोलेल. शिकलेली पोरगी, ऑफिसात माणसं हाताखाली. ती हसली आणि म्हणाली, ‘‘आत्या, नुसतं तांदळातलं नाव गं. त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे.’’ तुझ्या बारशाला जेवलेय मी, म्हणावंसं वाटलं, पण गिळलं. भावानं यादीचं पान उलटलं. तेवढ्यात सासूबाई माझ्याकडे वळल्या. ‘‘सिस्टर, तुमी लय नावं ऐकली असतील. तुमीच सांगा एकांदं गोड.’’

सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असं मला सुचलं. स वरून. सायली! तेही त्याच कुळातलं फूल. नाव बदललं तरी वेल तोच राहील, आणि ह्यांना पत्ताही लागणार नाही. मी म्हटलं, ‘‘सायली ठेवा.’’ सगळ्यांना पसंत पडलं. जाई तर दोनदा स्वतःशी म्हणून बघत होती. मी घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होते.

लग्नात त्यानं इंद्रायणी तांदळात अंगठीनं ते नाव लिहिलं. अक्षर छान होतं मेल्याचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग कुणीतरी ताट उचललं आणि मांडवातली माणसं जेवायला वळली.

त्यानंतर तिचे फोन यायचे. पहिल्यांदा ‘आत्या, मी जाई’, मग नुसतं ‘आत्या, मी’. एकदा घाईत ‘हॅलो, सायली बोलतेय’ म्हणाली, नंतर जीभ चावली असणार, कारण उगाच खूप वेळ हवापाण्याचं बोलत बसली. फोन ठेवल्यावर खिडकीत उभी राहिले. समोर डोंगरावर ढग उतरले होते, काही दिसत नव्हतं. मला त्या घरात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि एकटं राहायची तर मला जन्माची सवय.

गेल्या महिन्यात न सांगता वराळ्याला गेले. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, ‘‘किसके यहाँ?’’ मी म्हटलं, जाईकडे. त्यानं आडनाव विचारलं, फ्लॅटला फोन लावला, आणि मला म्हणाला, ‘‘सायली मॅडम बोलो ना. आप कौन?’’

मी म्हटलं, सायलीची आत्या. दुसरं काय सांगणार?

ती धावत खाली आली, गळ्यात पडली, हातातली पिशवी ओढून घेतली. त्यात खोट काढायला जागा नव्हती. वर सासूबाईंनी शेजारणीला बोलावून घेतलं. ‘‘ह्याच त्या सिस्टर. आमच्या सायलीचं नाव ह्यांनीच दिलंय.’’ शेजारीण म्हणाली, किती शोभतं हो. मी मान डोलावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काहीतरी ओबडधोबड नाव दिलं असतं, तर पोरीनं चार दिवसांत टाकलं असतं.

‘‘आणि माहेरचं नाव काय हो हिचं?’’ शेजारणीनं विचारलं.

सासूबाई आठवायला लागल्या. ‘‘फुलाचंच व्हतं बगा कायतरी... हां, जुई! व्हय ना गं, जुईच?’’

ती ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत राहिले. डॉक्टरांना गप्प करणारी बाई मी, पण हे मी बोलायचं नव्हतं, तिनं बोलायचं होतं. शेजारीण बसलेली, सासूबाई हसून तिच्याकडे बघत होत्या.

‘‘हो आई, जुईच,’’ ती म्हणाली, आणि पहिला कप माझ्यापुढे धरला.

मी घेतला. चहा चांगला केला होता तिनं.