छताला सांगितलेला नंबर

आमच्या गल्लीत बातमी उठली की पट्टीशेठचं डोकं फिरलंय, भरदुपारी छताशी भांडतात. उठली कसली, उठवली. आणि निम्मी तर मीच उठवली. माझं शिवणाचं दुकान त्यांच्या चपलांच्या दुकानाला भिंतीला भिंत लावून, तेव्हा पहिला मान माझाच. पण खरं सांगायचं तर भांडण वगैरे काही नव्हतं. ते छताला बुटाचा नंबर सांगत होते.

पट्टीशेठ हे नाव पडलं, कारण पाय मोजायची पट्टी त्यांनी जन्मात हातात धरली नाही. गिऱ्हाईक उंबरा ओलांडतंय तोवर यांची नजर पायावर आणि तोंडाने हाळी, "आठ, काळा, लेसवाला!" माळ्याला चौकोनी भोक होतं. त्यातून नेमका तोच खोका यांच्या ओंजळीत पडायचा. वर थोरला भाऊ. एकतीस वर्षं तो तिथे बसला. गिऱ्हाइकांनी त्याचा हातच काय तो पाहिलेला. मी खालून विचारायची, वर माणूस आहे की यंत्र? उत्तर यायचं, "यंत्राला चहा लागत नाही, वहिनी. पाठवा."

मागच्या वर्षी थोरला गेला. चौथ्या दिवशी पट्टीशेठनी दुकान उघडलं. शिडी लावून स्वतः वर चढू लागले. गुडघे कुरकुरणारे, खोका खाली येईस्तोवर गिऱ्हाईक कोपऱ्यावर पोचलेलं. असंच चाललं तर सहा महिन्यांत कुलूप लागणार, हे मलाही दिसत होतं, आणि मला बाह्या-कॉलरपलीकडे फारसं दिसत नाही.

मग थोरल्याची मुलगी आली. दुकानं आतून सजवायचं तिचं काम. तिने भिंतभर उतरते लाकडी कप्पे केले; पुढचा खोका काढला की मागचा आपोआप घसरून पुढे. लांब बाक, त्यासमोर जमिनीलगत तिरका आरसा, गुडघ्यापर्यंतच दाखवणारा. माझ्या वयाच्या बाईला असाच आरसा हवा. सगळा माल खाली आला, माळ्याची गरजच उरली नाही. भोक बुजवू ना, असं तिने काकांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते "बुजव" म्हणाले, कुणी किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं. एवढ्या देखण्या दुकानात आता ओरडायचं नाही, असंही तिने बजावलं. त्यांनी मान डोलावली.

पहिला आठवडा ते गप्प उभे. सातवाल्याला नऊ दिला, नऊवाल्याला सहा. पुतणीने पट्टी आणून दिली, ती उलटी धरली. लोक यायचे, आरशात पाय बघायचे, कप्प्यांचं कौतुक करायचे आणि जुन्याच चपला घालून निघून जायचे. पोरगी बाकावर डोकं धरून बसायची. बापाचं दुकान आपणच बुडवलं, असं ती माझ्यापाशी म्हणाली.

शनिवारी मी तिथेच बसले होते, तेवढ्यात एक शिक्षिका आल्या. शेठनी पाय पाहिला, मान वर केली आणि त्या गुळगुळीत पांढऱ्या छताला हाळी दिली, "सहा, तपकिरी, बक्कलवाली!" ओंजळ पसरून उभे राहिले. वरून काय पडणार? बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी आरशाकडे. पुतणी उठली, कप्प्यातून खोका काढला आणि त्यांच्या ओंजळीत ठेवला. चप्पल बाईंना अशी बसली, जशी पायासोबतच वाढली असावी.

तेव्हापासून रोज तेच. हाळी, ओंजळ, खोका. एकही नंबर चुकलेला नाही.

शेवटी मला राहवलं नाही. भोक बुजवल्याची रुखरुख लागली असणार, असं धरून मी गेले आणि म्हटलं, "भावजी, पुतणीला सांगून भोक परत पाडून घ्या की."

ते एका बुटात लेस ओवत होते. वर न बघताच म्हणाले, "कशाला? वर कोणी नाही. ओरडलं की नंबर आठवतो, एवढंच."